शेजारणीच्या ऑर्किडचं पाणी

माझ्या शेजारणीच्या ऑर्किडला पहिल्याच वर्षी नऊ फुलं आली आणि माझ्या ऑर्किडला एकही आलं नाही. दोन्ही एकाच रोपाचे तुकडे होते, एकाच दुपारी, एकाच सुरीनं कापलेले. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, अगं, फुलांचं काय एवढं? काय एवढं म्हणजे? त्या मार्चमध्ये मला जेवण गोड लागत नव्हतं.

आम्ही अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलमध्ये राहतो, त्याला वीसेक वर्षं झाली. मी मूळची पुण्याची. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि लिहून ठेवायच्या. माझा स्वभाव मुळातच तसा आहे की नोकरीमुळे तसा झाला, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. शेजारीण नागपूरची, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर आमच्यापासून दोन घरं सोडून राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात 'ताई, ताई' करत आमच्या घरात रुळली. तिचे पोहे मोकळे होतात. तिच्या गणपतीच्या आरतीला रस्त्यावर गाड्या मावत नाहीत. माझी कॉलेजात शिकणारी मुलगी मला 'फाइन' आणि 'ओके' यांपलीकडे उत्तर देत नाही, पण शेजारणीच्या किचनच्या ओट्यावर चढून बसते आणि तास तास गप्पा मारते. हे सगळं मी चालवून घेत आले होते. माणूस चांगलं होतं, मदतीला धावणारं होतं, आणि तिच्याशिवाय मला तरी इथे रोज हाक मारणारं कोण होतं?

पण ऑर्किडचा नाद माझा होता. बेसमेंटमध्ये माझं रॅक आहे, त्यावर दिवे, खाली पंखा, भिंतीवर थर्मामीटर. इलिनॉयच्या थंडीत वर घरभर हीटर धापा टाकत असतो, पण बेसमेंट गार राहतं आणि काही ऑर्किडांना तेच हवं असतं. शहरातल्या ऑर्किड क्लबात मी सात वर्षं जात होते. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "ताई, मी पण येऊ का एकदा? बघायला." मीच घेऊन गेले. माझ्या गाडीतून घेऊन गेले.

त्या दिवशी क्लबातल्या सगळ्यात जुन्या सभासदानं आपलं रोप कापायला आणलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरतात, पण सुरी धरली की थरथर थांबते. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणते. रोपाचं नाव मॅस्डेव्हालिया. दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांवर, ढगांत वाढणारं. पानं साधी, जिभेसारखी, बघणाऱ्याला वाटेल गवतच आहे. पण फूल आलं की तीन टोकांचं, भडक नारिंगी, आणि उजेडात जरा तिरकं धरलं की त्यावर जांभळी चमक. हे ऑर्किड धुक्याच्या पाण्यावर वाढलेलं, त्यामुळे पाण्यात क्षार जरा जास्त झाले की मुळं काळी पडतात आणि महिन्याभरात रोप हातचं जातं. आजोबांनी कापायच्या आधी सगळ्यांना बजावून सांगितलं, की याचे शत्रू तीन. क्षार, उकाडा आणि तांबं. तांब्याची तार, तांब्याचं औषध, तांब्याचा पाइप, काही म्हणजे काही याच्या जवळ नको; थोडंसं उतरलं तरी मुळं मरतात.

मी हे लिहून घेतलं. ती तेव्हा खोलीत नव्हती. एका म्हाताऱ्या बाईंना गाडीतून कुंड्या आणायच्या होत्या, तर ही त्यांच्याबरोबर बाहेर गेली होती. ती परत आली तोवर आजोबा रोप कापत होते. दोन तुकडे निघाले. एक मला मिळणार हे ठरलेलंच होतं, मी वर्षभर मागे लागले होते. दुसरा आजोबांनी, कुंड्या उचलून आणल्यानं घामेजलेल्या या मुलीला देऊन टाकला.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे माझी जळजळ समजेल. पाण्यातले क्षार मोजायचं एक पेनाएवढं मीटर मिळतं. भारतात पाण्याचं मशीन विकणारी माणसं ते तुमच्या पेल्यात बुडवून तुम्हाला घाबरवतात, तेच. नळाचं पाणी मोजलं. सिंकखालच्या आरओचं मोजलं. पावसाचं पाणी पिंपात धरून मोजलं. बर्फ पातेल्यात वितळवून मोजला. वर्षाचा पहिला बर्फ पडला की लोक मुलांना घेऊन बाहेर येतात, मी पातेलं घेऊन आले. पाण्याची आम्लता बघायच्या पट्ट्या आणल्या. कुंडीत घातलेलं पाणी आणि कुंडीतून खाली आलेलं पाणी वेगवेगळं मोजून कॉम्प्युटरवर तक्ता केला, तारीख, आकडा, शेरा. नवरा त्या तक्त्याला माझं कुलदैवत म्हणायचा. दर आठवड्याला मी रोप अलगद उपटून मुळांचा रंग बघत होते आणि तोही लिहीत होते.

आणि ती? ती स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत कुंडी ठेवून मोकळी झाली. खिडकी जुनी, फटीतून गार वारा यायचा. आरओचं पाणी प्लास्टिकच्या जगमध्ये भरून ठेवायची आणि सकाळी चहाचं आधण ठेवलं की थोडं रोपाला.

"तू क्षार किती ठेवतेस?" मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी काहीच करत नाही हो ताई," ती हसत म्हणाली. "नुसतं पाणी घालते."

या वाक्याचा मला जितका राग आला तितका आयुष्यात क्वचितच कशाचा आला असेल. कोणी शिवी दिली असती तर परवडलं असतं. मार्चमध्ये तिच्या रोपाला नऊ फुलं आली, क्लबच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली आणि आजोबांनी तिचा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर तोंडभरून कौतुक केलं. तिनं मला ओढून फोटोत घेतलं. "ताईंमुळेच मी इथे आले," असं प्रत्येकाला सांगत होती. मी फोटोत हसले आहे. तो फोटो बघितला की मला माझे दात तेवढे दिसतात.

घरी येताना गाडीत मी म्हणाले, उत्तरेची खिडकी आहे ना, म्हणून. नवरा गाडी चालवत होता, त्यानं मान न वळवता म्हटलं, "तू तिला अगदी पाण्यात पाहायला लागली आहेस." खरं होतं. मला तिच्यासारखी फुलं हवी होती असं नाही. तिला ती मिळायला नको होती. यातला फरक मला नीट कळत होता आणि कळूनही काही बदलत नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात तिचे सासरे नागपूरला वारले. वर्षभर अंथरुणावर होते, सासूबाईंनीच सगळं केलं होतं. सप्टेंबरात तिचा नवरा जाऊन आईला सहा महिन्यांसाठी घेऊन आला. मी भेटायला गेले तर त्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. "झोपल्यात," शेजारीण म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "दिवसभर पडूनच असतात ताई. बोलत नाहीत. आम्हाला समजत नाही काय करावं ते." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. मी दोन दिवस त्यांच्याकडे भाजी-पोळी पोचवली.

दिवाळीच्या फराळाला गेले तेव्हा मात्र सासूबाई बाहेर सोफ्यावर होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, अंगात सुनेचं स्वेटर. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी "सुखी राहा" म्हटलं. मग त्या उठल्या, ओट्यावरच्या झाकण ठेवलेल्या तांब्याच्या कळशीतून पेला भरला, अर्धा स्वतः प्यायल्या आणि उरलेलं खिडकीतल्या ऑर्किडला घातलं. हळूहळू, कडेकडेनं, लहान मुलाला औषध पाजावं तसं.

शेजारीण माझ्या कानाशी आली. "बघितलंत? आता रोज सकाळी सहाला उठतात. रात्री आरओचं पाणी कळशीत भरून ठेवतात, नागपूरहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलीय ती. तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं, तर झाडालाही चांगलंच असणार म्हणतात. पहिल्यांदाच कशात तरी मन लागलंय त्यांचं. रोपाशी बोलतात सुद्धा."

माझ्या हातात चकलीचा तुकडा होता. तो मी तसाच धरून उभी राहिले. आजोबांचे शब्द मला मराठीत भाषांतर न करता आठवले, इतके ते डोक्यात बसले होते. आणि वर पाणी आरओचं. इतकं निर्मळ पाणी धातूच्या भांड्यात रात्रभर राहिलं की धातूचा अंश ओढून घेतं, हे मी वाचलेलं होतं, माझ्या तक्त्यात एका कोपऱ्यात लिहिलेलंही होतं. मी रोपाजवळ गेले. दोन पानांची टोकं तपकिरी झाली होती. तिला अजून दिसलं नसावं, मला दिसलं.

मी सांगणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिनं कुणाला तरी फोनवर म्हटलं, "ऑर्किडला पुन्हा फुटवे येतायत, या वर्षी वीस तरी फुलं येतील बघा." मी चकली तोंडात घातली.

घरी येताना स्वतःची समजूत घातली. सासू-सुनेच्या मध्ये आपण कशाला पडावं. म्हातारीचं एवढ्या एका गोष्टीत मन रमलंय, ते मोडायचं का. आणि मला तरी नक्की कुठे माहीत आहे? मी टेस्टर आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही.

पुरावा पंधरा दिवसांनी चालत आला. शनिवारी सकाळी ती दारात उभी, हातात सॉसची धुतलेली बाटली, त्यात पाणी.

"ताई, रोपाचं काहीतरी बिनसलंय. पानं गळतायत. तुम्ही एवढं टेस्टिंग करता ना, प्लीज हे कळशीतलं पाणी चेक करून द्या. मला तर काही कळत नाही यातलं."

तिनं हे म्हणावं म्हणून मी किती महिने थांबले होते, ते मला त्या क्षणी समजलं. मी तिला बसवलं, चहा ठेवला, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि मीटर बुडवलं. अकरा. माझ्या आरओचं नऊ यायचं. क्षार मोजायच्या मीटरला तांब्याचा एवढासा अंश दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं ते पाणी उत्कृष्ट होतं. आम्लतेची पट्टी बुडवली. तीही ठीक.

"पाणी उत्तम आहे," मी म्हणाले. "बघ, तूच बघ आकडा."

"मग काय होत असेल?"

"थंडीचा झटका असेल. खिडकीतून काढून बघ."

एक शब्दही खोटा नव्हता. मीटरवर अकराच होतं. ती किती विश्वासानं मान हलवत होती! "तुम्ही आहात म्हणून बरं," असं म्हणून, चहा संपवून गेली. बाटली राहिली माझ्याकडे, अर्धी भरलेली.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी मत्स्यालयाच्या दुकानात गेले. मासे आणि कोळंब्या पाळणाऱ्यांसाठी तिथे पाण्यातलं तांबं ओळखायचा किट मिळतो, कोळंबीही तांब्यानं मरते म्हणून. छोट्या काचनळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, बूच लावून हलवायचं आणि सोबतच्या रंगांच्या कार्डाशी लावून बघायचं. पाणी स्वच्छ राहिलं तर तांबं नाही. माझ्या आरओचं पाणी स्वच्छ राहिलं. तिच्या बाटलीतलं निळं झालं. फिकट नव्हे, चांगलं आकाशी. मी तक्ता उघडला, एक नवी ओळ केली आणि तारीख घालून लिहिलं: शेजारचं पाणी, तांबं आहे. चूक सापडली की नोंद करायची ही पंचवीस वर्षांची सवय. एरवी त्यापुढे 'कोणाला कळवलं' असा एक रकाना असतो. तो मी या तक्त्यात कधी केलाच नव्हता.

थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली. सिंकच्या कडेला तिला त्या दोन नळ्या दिसल्या. एक स्वच्छ, एक निळी.

"व्हाय इज धिस वन ब्लू?"

"काही नाही गं. शेजारच्या काकूकडच्या पाण्याचा नमुना आहे."

"इज समथिंग राँग विथ हर वॉटर? डिड यू टेल हर?"

"सांगितलंय," मी म्हणाले आणि नळ्या धुऊन टाकल्या. मुलगी जॅकेट घालून काकूकडे निघून गेली. ती तिथे पाण्याचा विषय काढेल या भीतीनं मी दोन तास खिडकीशी उभी होते. तिनं काढला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला होता तिनेही.

डिसेंबरात मी त्यांच्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळा गेले. कधी लिंबं द्यायला, कधी काही मागायला. खरं म्हणजे पानं बघायला जायची. तेरा होती, नऊ झाली. मग सहा. कुंडी आता खिडकीतून टेबलावर आली होती, कारण मी खिडकीतून काढायला सांगितलं होतं, आणि टेबल सासूबाईंच्या खुर्चीच्या अगदी जवळ होतं, त्यामुळे आता दिवसातून दोनदा पाणी मिळत होतं. रोप खंगेल तसतशा त्या जास्त मायेनं घालत होत्या. "पी बाई, पी," म्हणायच्या. मी ऐकत बसायचे. मला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी गार, बरं वाटायचं. दोन्ही एकदम वाटू शकतं. मला वाटत होतं. नाताळाच्या सुट्टीत शेवटचं पान गेलं.

माझ्या रोपाकडे त्या दोन महिन्यांत माझं लक्षच नव्हतं. उपटून मुळं बघणं बंद झालं होतं, तक्त्यात ओळी भरणं बंद झालं होतं. आठवण झाली की पाणी घालत होते, एवढंच. फेब्रुवारीत एक दिवस बेसमेंटमध्ये कपडे ड्रायरमधून काढायला गेले तर पानांमधून चार देठ वर आले होते, प्रत्येकाच्या टोकाला कळी. मी तिथेच खाली बसले. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि पहिला विचार आला तो हा, की आता हिला दाखवायला हवं.

ती आली, बघितलं आणि मला मिठीच मारली. "ताई! किती मस्त! तुमच्या कष्टांचं चीज झालं." मी तिचा चेहरा नीट निरखून बघत होते. कुठे काही खुपतंय का, ओठ कुठे घट्ट झालेत का. माझं जे झालं होतं ते तिचं व्हायला हवं होतं मला. काहीही नव्हतं. तिला खरोखर आनंद झाला होता. मला याचाही हेवा वाटला. इतका वाटला की मी तिला चहाही विचारला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई परत जायच्या होत्या. मी निरोप द्यायला गेले. हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या, शेजारीण आत स्वयंपाकघरात बदाम-पिस्त्यांच्या पिशव्या बांधत होती, आणि सासूबाई सोफ्यावर बसून ती कळशी जुन्या साडीत गुंडाळत होत्या. टेबलावर कुंडी तशीच होती. नुसता मुळांभोवतीच्या शेवाळाचा सुकलेला गोळा.

"काकू, पुन्हा या," मी म्हणाले. "आता उन्हाळ्यात या, छान असतं."

"नाही गं," त्या म्हणाल्या. गुंडाळायचं थांबवून कुंडीकडे बघत राहिल्या. "सुनेचं एवढं बक्षीस मिळवलेलं झाड. माझ्या हातानं गेलं. ती काही बोलली नाही, बिचारी बोलणार पण नाही. पण मला समजते ना. माझ्या हातालाच काहीतरी आहे. यांचंही मीच केलं वर्षभर, औषध, पाणी, सगळं वेळेवर. तरी गेले. जे हातात घेते ते जाते."

मी म्हणाले, "असं नसतं हो काकू." तोंडदेखलं, कुणीही म्हणेल तसं.

"असंच आहे बाप्पा. मी तर आता घरच्या तुळशीला पण पाणी घालत नाही म्हणून ठरवलं आहे. शेजारच्यांना सांगीन." त्या हे रडत सांगत नव्हत्या. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होत्या, आणि साडीची गाठ मारत होत्या.

मला उठून जाता आलं असतं. आजवर गप्प राहायला मी काय काय कारणं शोधली होती, त्यातलं त्या वेळी एकही आठवेना.

"काकू, तुमचा हात नाही," मी म्हणाले. "कळशी आहे. ते झाड फार नाजूक असतं, त्याला तांबं सोसत नाही. माणसाला सोसतं, त्याला नाही. तांब्याच्या पाण्यानं गेलं ते. प्लास्टिकच्या जगमधून घातलं असतंत तर तुमच्याच हातानं जगलं असतं."

त्यांनी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"मी पाणी तपासलं होतं. नोव्हेंबरमध्ये."

स्वयंपाकघरातला पिशव्यांचा आवाज थांबला.

"मग काहून बोलली नाहीस गं?"

मला वाटलं होतं की या प्रश्नाला काहीतरी गोलमोल उत्तर देता येईल. म्हातारीसमोर नाही देता आलं. "हिच्या झाडाला फुलं आली होती आणि माझ्या झाडाला नाही," मी म्हणाले. "मला बघवत नव्हतं."

शेजारीण दारात येऊन उभी राहिली होती. हातात अर्धी बांधलेली पिशवी. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, कारण न बघणं आणखी वाईट झालं असतं. मी वाट बघत होते की ती ओरडेल. मी असते तर ओरडले असते, रस्त्यावर जाऊन ओरडले असते.

सासूबाईंनी माझं हे उत्तर ऐकलंच नव्हतं. त्या 'तुमचा हात नाही' यावरच अडकल्या होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, घट्ट.

"म्हणजे माझ्या हातानं नाही गेलं ना?"

"नाही काकू."

"खरं सांग. माझी समजूत घालायला नको सांगू."

"खरंच नाही. पाणी निळं झालं होतं, मी डोळ्यांनी बघितलं."

त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला आणि मग सहा महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांना रडताना बघितलं. माझा हात त्यांनी आपल्या गालाला लावला. "देवासारखी आलीस गं," म्हणाल्या. "मी हे मनात घेऊनच गेली असती. फार उपकार केलेस बाई."

"नोव्हेंबरमध्ये मुळं जिवंत होती ताई," शेजारीण दारातूनच म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी आईंना कळूही दिलं नसतं. रोज सकाळी त्यांच्या आधी उठून कळशीतलं पाणी बदललं असतं."

मी तिला काहीतरी म्हणायला उठू लागले. पण सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता. त्या अजून आभारच मानत होत्या, आणि तिच्यासमोर मला तो सोडवून घेता येईना.